बँक बुडाली तर तोटा कुणाच्या माथी? अण्णांच्या ठेवीचं काय करू?

रेवती_सातारा

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 11 लाख रुपये त्यांनी तालुक्याच्या नागरी सहकारी बँकेत मुदत ठेवीत ठेवले. पावत्या तीन आहेत, पण तिन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर. ईपीएस-95 ची पेन्शन दोघांच्या औषधांनाही पुरत नाही, त्यामुळे या ठेवींच्या व्याजावरच घर चालतं. शाखा घराजवळ आहे, मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळे अण्णांना नावाने ओळखतात.

आता गावात कुजबूज सुरू झाली आहे. सलग दोन वर्षं लाभांश नाही. शेजारच्या गावातली शाखा बंद करून इकडे जोडली. अण्णांच्या एका मित्राने ठेव मोडली आणि कारण सांगायचं टाळलं. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की नव्या कायद्याप्रमाणे बँक बुडाली तर ठेवीदारांच्या पैशातूनच तोटा भरून काढणार.

मला नीट समजून घ्यायचंय. बँक अडचणीत आली तर शेवटी पैसे कोण भरतं? सरकार, रिझर्व्ह बँक, संचालक, की आम्हीच? दुसरं म्हणजे, ठेव मोडा म्हटलं की अण्णा चिडतात. म्हणतात, "घरावर पत्रे टाकायला, तुझ्या लग्नाला याच बँकेनं कर्ज दिलं. आता तिच्यावर वेळ आली तर पळून जायचं? सगळ्यांनीच काढले तर उद्याची बुडणारी बँक आज बुडेल." यावर मला उत्तर सुचत नाही. त्यांचं म्हणणं मला चुकीचंही वाटत नाही.

विनायक_डोंबिवली

ताई, विचार कसला करताय? उद्या सकाळी बँक उघडताच जा आणि सगळं काढून घ्या. एकदा पैसे काढण्यावर निर्बंध लागले की मॅनेजरची ओळख काही कामाची नाही. बडे कर्जदार नामानिराळे राहतात आणि पेन्शनर रांगेत उभा राहतो.

दत्ता_शाखाधिकारी

रेवतीताई, मी नागरी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. आमच्या बँकेला 35-अ लागलं, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागदावर काय आहे ते. तोटा झाला की पहिला घास भागभांडवलाचा आणि राखीव निधीचा जातो. अण्णांचे शेअर्स असतील तर त्या रकमेवर पाणी सोडायची तयारी ठेवा. पण नागरी बँकेत ठेवींच्या मानाने भांडवल अगदी थोडं असतं. दोन-चार मोठी कर्जं थकली की ते संपतं आणि पुढचा खड्डा ठेवीदारांच्या पैशात पडतो. तो भरून द्यायचं बंधन सरकारवर नाही, रिझर्व्ह बँकेवरही नाही. संचालकांवर जबाबदारी निश्चित होते, चौकशी लागते, मालमत्तांवर टाच येते, पण त्यातून वसुली व्हायला वर्षानुवर्षं जातात.

ठेवीदाराच्या पाठीशी आहे तो ठेव विमा, तो देतं डीआयसीजीसी हे ठेव विमा महामंडळ. एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत संरक्षण. 1993 पासून ही मर्यादा 1 लाख होती. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँक कोसळल्यावर, फेब्रुवारी 2020 मध्ये ती 5 लाख झाली. विम्याचा हप्ता सगळ्या बँका भरतात. म्हणजे एका बँकेच्या तोट्याचा हा भाग देशभरच्या बँकांवर विभागला जातो आणि महामंडळ दिलेली रक्कम पुढे त्या बँकेच्या वसुलीतून परत घेतं. अण्णांच्या तीन पावत्या म्हणजे तीन विमे नव्हेत. नाव एकच आहे, त्यामुळे 11 लाखांपैकी 6 लाख आज उघड्यावर आहेत. हे त्यांना आधी सांगा.

आता प्रत्यक्षात काय होतं. पीएमसीवर 23 सप्टेंबर 2019 ला निर्बंध आले. सुरुवातीला सहा महिन्यांत खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येणार होते. लोक रस्त्यावर आले तशी मर्यादा वाढत गेली. 6,500 कोटींहून जास्त कर्ज एकट्या एचडीआयएल या बिल्डर समूहाकडे अडकलेलं आणि ते लपवण्यासाठी 21 हजारांहून जास्त खोटी खाती, असं तपासात पुढे आलं. जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. 5 लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून, त्यावरची रक्कम हप्त्याहप्त्याने, शेवटचा हप्ता थेट दहा वर्षांनी. पहिली पाच वर्षं व्याज नाही, त्यानंतर 2.75 टक्के. पैसे बुडाले नाहीत असं कुणीही म्हणेल. पण सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांनी, बिनव्याजी वर्षं सोसून मिळणाऱ्या पैशाला पैसे मिळाले म्हणायचं का?

याच्या शेजारी येस बँक ठेवा. 5 मार्च 2020 ला निर्बंध, 18 मार्चला उठले. स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातलं, ठेवीदारांची पै न पै शाबूत राहिली. तिथे 8,415 कोटींचे एटी-1 बाँड (बँक अडचणीत आली तर रद्द करता येणारे रोखे) रद्द करून तो बोजा बाँडधारकांवर टाकला, ते प्रकरण कोर्टात गेलं. एक बँक मोठी, तिच्यासाठी दोन आठवड्यांत वाट निघाली. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. नऊ वर्षं! बोजा कुणावर पडणार हे कायद्याइतकंच, तुमच्यासाठी कोण घाईने धावतं यावर ठरतं. माझा खरा राग यावर आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कायद्याबद्दल. 2017 मध्ये एफआरडीआय नावाचं विधेयक लोकसभेत आलं होतं. बँक वाचवण्यासाठी, बँकेकडून ज्यांचं येणं आहे त्यांच्या पैशाचं भांडवल करता येईल अशी तरतूद त्यात होती. 2013 मध्ये सायप्रसमध्ये 1 लाख युरोवरच्या ठेवींचं असंच झालं होतं, त्यामुळे लोक घाबरले. ऑगस्ट 2018 मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. तसा कायदा झालेला नाही. मात्र पीएमसीच्या विलीनीकरणात संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी 80 टक्के रकमेचे प्रेफरन्स शेअर्स झाले, 1 टक्का लाभांशाचे. गावातल्या एखाद्या संस्थेचं खातं तुमच्या घरातलं कुणी सांभाळत असेल तर हे लक्षात असू द्या.

अण्णांचा प्रश्न राहिला. निर्बंधांची बातमी आली त्या सकाळी आमच्या शाखेच्या शटरवर नोटीस चिकटवली होती. आत आम्ही, बाहेर गर्दी. बांगड्यांची गाडी लावणाऱ्या एक बाई पुढे आल्या. रोज 50 रुपये पिग्मी भरायच्या, मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. पिग्मीचं कार्ड त्यांनी काउंटरवर उलटं ठेवलं आणि विचारलं, "साहेब, मी कर्ज काढलंच नाही, मग माझे पैसे कुणी नेले?" त्यांची पिग्मी गोळा करणारा आमचा एजंट मागेच उभा होता. बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानातून त्याने वर्षानुवर्षं पैसे गोळा केलेले. पुढे त्याने काही जणांना स्वतःच्या खिशातून थोडे थोडे पैसे दिले. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

आणि त्याआधीच्या महिन्यात मोठ्या रकमांच्या ठेवी मुदतीआधी मोडल्या गेल्या होत्या. ती व्हाउचर्स माझ्याच टेबलावरून गेली. ज्यांना आतली खबर होती त्यांचे पैसे सुटले आणि शिल्लक राहिलेला तोटा बांगडीवाल्या बाईंच्या वाट्याला आला.

म्हणून अण्णांना माझ्यातर्फे सांगा: तुम्ही घेतलेलं कर्ज व्याजासकट फेडलंत, तुमच्याकडून बँकेचं काही येणं नाही. बँक वाचते ती मोठी थकबाकी वसूल झाली तर किंवा एखाद्या सक्षम बँकेने पोटात घेतली तर. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हमध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये 122 कोटींचा अपहार उघड झाला, ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदार सुटले. निवृत्त ड्रायव्हरने 6 लाख धोक्यात ठेवल्याने कुठलीही बँक तरत नाही.

सगळं काढा असं मी म्हणणार नाही. यंदाचा वार्षिक अहवाल मागा, सभासदाला तो मिळतो. निव्वळ एनपीए (थकलेल्या कर्जांचं प्रमाण) 6 टक्क्यांच्या वर किंवा भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल) 9 टक्क्यांच्या खाली असेल तर थांबू नका. अहवाल ठीक असला तरी अण्णांच्या नावावर साडेचार लाखांच्या आतच ठेवा, म्हणजे व्याज साचलं तरी ते विम्यात राहील. बाकीची रक्कम पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकली तर तिथे सरकारची हमी आहे आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. मुदतीआधी मोडल्याचा दंड बसेल, तो सोसा.

सुनंदा_इचलकरंजी

दत्ताकाकांचं पटलं, पण एक सांगावंसं वाटतं. माझ्या नवऱ्याला यंत्रमागासाठी पहिलं कर्ज नागरी बँकेनेच दिलं. मोठ्या बँकेत आमची फाईल कुणी उघडूनही बघितली नव्हती. गावोगावच्या या बँका गेल्या तर आमच्यासारख्यांना पुन्हा खासगी सावकाराचं दार. "आजच काढा" असं सरसकट सांगू नका, त्याने चांगली चाललेली बँकही आडवी होते.

दत्ता_शाखाधिकारी

सुनंदाताई, शंभर टक्के खरं. उभं आयुष्य मी अशाच बँकेत काढलं, मला ती माणसं आणि ते काम दोन्ही प्रिय आहे. म्हणूनच 5 लाखांच्या आतली ठेव तिथेच ठेवा म्हणतोय. प्रत्येक ठेवीदार विम्याच्या आत असेल तर अफवेला घाबरून रांगा लागणार नाहीत. एक धोक्याची सूचना सगळ्यांसाठी: पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बोर्ड, पासबुक, काउंटर सगळं बँकेसारखं दिसतं, पण पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा नाही.

रेवती_सातारा

काका, तुमचा पूर्ण प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. बांगडीवाल्या बाईंचं ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले अहवाल घेऊन ये. उद्या जातोय. दोन शंका आहेत. एक पावती मोडून आईच्या नावावर याच बँकेत ठेवली तर तिला वेगळा विमा मिळेल का? आणि अण्णा दादाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन आहेत, ते कर्जही याच बँकेचं. त्याने काही अडेल का?

दत्ता_शाखाधिकारी

आईंच्या एकट्या नावावर ठेवली तर त्यांना स्वतंत्र 5 लाख. दोघांच्या संयुक्त नावावर ठेवली तर तेही खातं वेगळं धरतात. फक्त नॉमिनी म्हणून नाव लावल्याने मात्र विमा वाढत नाही. केवायसी आणि आधार जोडणी दोघांचीही आत्ताच पूर्ण करून घ्या. पैसे द्यायची वेळ आली की महामंडळाकडे जाणाऱ्या यादीत कागद अपुरे असलेले लोक मागे राहतात. तसं विम्याचे पैसे द्यायला कायद्याने 90 दिवसांच्या मुदतीचं बंधन आहे, 2021 च्या दुरुस्तीपासून.

जामिनाचं उद्याच विचारा, आणि लेखी विचारा. ठेवीदाराचं स्वतःचं थकीत कर्ज असेल तर ते ठेवीतून वळतं करून घेतात. जामीनदाराच्या ठेवीवर बँकेने ताबा लिहून घेतलाय का, हे मूळ कर्जाच्या कागदात दिसेल. ट्रॅक्टरचे हप्ते थकले असतील तर ठेव मोडायच्या आधी दादाला ते भरायला लावा.