यूएफओ संशोधनाला खासगी देणगी देताना कोणत्या अटी घालाव्यात?

रेखावृत्त (प्रश्न)

नमस्कार. मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना यूएफओंच्या, म्हणजे हल्ली ज्यांना यूएपी (ओळख न पटलेल्या विसंगत घटना) म्हणतात त्यांच्या, शास्त्रीय अभ्यासासाठी मोठी रक्कम द्यायची आहे आणि ती कशा अटींवर द्यावी, असे त्यांनी मला विचारले आहे. सरकारी निधीवर या विषयात फारसे विसंबून राहता येत नाही, हे मला मान्य आहे. नासाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर 2023 मध्ये अहवाल दिला, पण तिच्यासाठी खर्चाची मर्यादा अवघी एक लाख डॉलर होती आणि नवी निरीक्षणे घेणे हे तिचे कामच नव्हते. उपकरणे उभारायची तर पैसा बाहेरून यावा लागणार. माझी अडचण अशी की, या गृहस्थांचा परग्रहवासीयांवर मनापासून विश्वास आहे. देणगीदाराचा विश्वास निष्कर्षात झिरपू नये यासाठी करारात नेमके काय लिहावे?

मृगशीर्ष

तळे राखील तो पाणी चाखील, हे या क्षेत्राइतके क्वचितच कुठे खरे ठरले असेल. अमेरिकी उद्योजक रॉबर्ट बिगेलो यांनी 1995 मध्ये लास वेगासला स्वतःच्या पैशाने एक संशोधन संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी युटातील एक गूढ म्हणून गाजलेले रँच निरीक्षणासाठी विकत घेतले. संस्थेत पदवीधर शास्त्रज्ञ होते, पैशाची ददात नव्हती, आणि तरीही 2004 मध्ये ती बंद झाली तेव्हा इतर संशोधकांना पडताळून पाहता येईल असे फारच थोडे हाती उरले. परग्रहवासी आहेत याविषयी आपली पूर्ण खात्री आहे, असे बिगेलो पुढे दूरचित्रवाणीवर उघडपणे म्हणाले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. जून 2023 मध्ये हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अवी लोब यांनी पापुआ न्यू गिनीजवळच्या समुद्रात 2014 च्या एका उल्केचे अवशेष शोधायला मोहीम काढली, तिला क्रिप्टो उद्योजक चार्ल्स हॉस्किन्सन यांनी 15 लाख डॉलर दिले. चुंबकीय स्लेज समुद्रतळावरून ओढून शेकडो सूक्ष्म गोलक गोळा केले गेले आणि शोधनिबंधाची समीक्षा होण्याआधीच बातम्या जगभर पोहोचल्या. पुढे भूकंपशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, शोधाची जागा ठरवताना ज्या भूकंपमापकाच्या नोंदीचा आधार घेतला होता, ती बहुधा जवळच्या रस्त्यावरून गेलेल्या ट्रकची होती. घाई देणगीदाराने केली असे मी म्हणत नाही, परंतु मोहिमेचा पैसा एका माणसाचा असला की काहीतरी घेऊनच परतायचे, हे दडपण बोलून न दाखवताही सर्वांच्या मनावर असते. म्हणून माझा सल्ला, त्यांनी हा पैसा एखाद्या विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागाला बिनशर्त द्यावा.

तारांगण

मृगशीर्ष यांची दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांवरून निघालेला निष्कर्ष मला पटत नाही. अमेरिकी धनिक व दानशूर लॉरन्स रॉकफेलर यांना या विषयात जिव्हाळा होता आणि सरकारी फायली खुल्या व्हाव्यात म्हणून त्यांनी क्लिंटन यांच्या कार्यकाळात व्हाइट हाउसकडे पाठपुरावाही केला होता. त्यांच्याच पैशातून 1997 मध्ये स्टॅनफर्डचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ पीटर स्टरॉक यांनी न्यूयॉर्क राज्यातील पोकँटिको येथे नऊ शास्त्रज्ञांची समिती बसवली. यूएफओंच्या अभ्यासकांनी आपले सर्वांत भक्कम पुरावे समितीपुढे मांडले. परग्रहवासीयांकडे निर्देश करणारा खात्रीलायक पुरावा यात नाही, मात्र उलगडा न झालेल्या घटनांचा काळजीपूर्वक अभ्यास करण्यासारखा आहे, असा निर्णय समितीने दिला. पैसे देणाऱ्याचा कल एकीकडे आणि निष्कर्ष दुसरीकडे, असे इथे घडले, कारण निर्णय देणारे आणि पुरावे आणणारे वेगवेगळे ठेवले होते.

याउलट 1966 ते 1968 या काळात कोलोराडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली झालेला अभ्यास अमेरिकेच्या हवाई दलाच्या पैशावर चालला होता. काम सुरू होण्याआधीच प्रकल्पाच्या समन्वयकाने एक टिपण लिहिले होते. लोकांना हा अभ्यास पूर्ण निःपक्षपाती वाटावा आणि शास्त्रज्ञांना मात्र तो यूएफओंवर विश्वास नसलेल्यांचा वाटावा, अशी मांडणी करता येईल, असे त्यात सुचवले होते. ते टिपण बाहेर आले, दोन सदस्यांना काढून टाकले गेले आणि अहवालावर कायमचा डाग लागला. तेव्हा पैसा खासगी की सरकारी, यापेक्षा निष्कर्ष आधीच ठरला आहे का, हे पाहावे. सेटीचा, म्हणजे परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या शोधाचा, इतिहासही लक्षात घ्यावा. 1993 मध्ये अमेरिकी काँग्रेसने नासाचा शोधकार्यक्रम बंद पाडल्यावर तो खासगी देणग्यांवर प्रोजेक्ट फिनिक्स या नावाने 1995 पासून 2004 पर्यंत चालला, काहीही सापडले नाही आणि तसे स्पष्ट सांगितले गेले.

कोनमापक

मी उपकरणांच्या बाजूने लिहितो, कारण अशा कामाचे घोडे बहुतेक वेळा तिथेच अडते. एका कॅमेऱ्यातून दिशा कळते, अंतर कळत नाही. समजा, एखादा ठिपका आकाशात दर सेकंदाला एक अंश सरकतो आहे. तो 100 मीटरवर असेल तर त्याचा वेग ताशी सहा-सव्वासहा किलोमीटर, म्हणजे वाऱ्याबरोबर चाललेला फुगा. तोच 10 किलोमीटरवर असेल तर ताशी सुमारे 630 किलोमीटर, म्हणजे विमान. चित्रफीत दोन्ही वेळा सारखीच दिसेल. अमेरिकी नौदलाच्या ज्या चित्रफितीत एक वस्तू समुद्रावरून भन्नाट वेगाने जाताना दिसते, तिच्या पडद्यावरील आकड्यांवरून नासाच्या समितीने साधी त्रिकोणमिती केली, तेव्हा वस्तू सुमारे 13,000 फुटांवर निघाली आणि वेग ताशी 40 मैलांच्या आसपास. उरलेला वेग हा चित्रण करणाऱ्या विमानाच्या स्वतःच्या गतीचा भास होता.

मृगशीर्ष यांनी लोब यांच्या मोहिमेविषयी लिहिले, पण त्यांच्याच गॅलिलिओ प्रकल्पाचे दुसरे अंग मला फार मोलाचे वाटते. 2021 मध्ये खासगी देणग्यांतून सुमारे साडेसतरा लाख डॉलर घेऊन तो सुरू झाला. संपूर्ण आकाशावर नजर ठेवणारे आठ अवरक्त कॅमेरे त्यांनी उभारले आणि विमाने स्वतःचे स्थान प्रसारित करतात त्या संदेशांशी चित्रे जुळवून त्या कॅमेऱ्यांचे अंशांकन केले, म्हणजे त्यांची मापे ज्ञात स्थानांशी ताडून नेमकी केली. पहिल्या पाच महिन्यांत सुमारे पाच लाख मार्ग नोंदले गेले, आणि छाननीनंतर 144 संदिग्ध उरले. ते संदिग्ध का उरले? अंतर ठाऊक नव्हते म्हणून. त्यांनी ते तसेच छापले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तुमच्या गृहस्थांना पहिल्याच वर्षी काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्राचा खर्च उचलायला सांगा; एकच वस्तू दोन ठिकाणांहून एकाच क्षणी पाहिली की अंतर काढता येते. दोन्ही केंद्रांची घड्याळे जीपीएसशी बांधलेली असू द्या.

रेखावृत्त

आपणा सर्वांचा आभारी आहे. कराराचा मसुदा आता असा करतो आहे: विश्लेषणाची पद्धत निरीक्षणे सुरू होण्याआधी जाहीर करायची, काही न सापडल्यास तेही त्याच तपशिलाने प्रसिद्ध करायचे, कच्च्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुल्या करायच्या, आणि देणगीदाराला प्रसिद्धीपूर्वी मजकूर वाचायला मिळेल, बदलायला नाही. शेवटच्या कलमावर ते गृहस्थ थोडे थबकले, पण तयार झाले. पैसा एकरकमी द्यावा की टप्प्याटप्प्याने?

मृगशीर्ष

हा मसुदा वाचून माझा विरोध बराच मावळला आहे. पैसा अनेक वर्षांत विभागून द्यावा आणि पुढचा हप्ता 'काय सापडले' यावर नव्हे, तर केंद्र किती रात्री चालू राहिले यावर ठरवावा. नॉर्वेतील हेसडालेन खोऱ्यात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशात आठवड्याला पंधरा-वीस गूढ प्रकाश दिसत होते, म्हणून 1984 च्या हिवाळ्यात तिथे उपकरणे नेली गेली. नंतर प्रकाश विरळ झाले. स्वयंचलित निरीक्षण केंद्र तिथे उभे राहिले ते 1998 मध्ये. हप्ता सापडण्यावर ठेवला, तर अशा विरळ काळात काम मध्येच थांबेल.