शब्दचर्चा: हायड्रोडायनॅमिक्समधलं 'जल' ठेवायचं की काढायचं?

डिचोली: कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत व्याख्यान तयार करतेय. अणूंची एकेरी रांग, तिचा समतोल मोडला तर पुढे काय होतं, असा विषय. 'जलगतिकी' लिहिलं तर मुलं पाणी शोधत बसतील. दुसरा शब्द?

फोंडा: 'द्रायुगतिकी'. द्रव आणि वायू मिळून द्रायू. पुस्तकी आहे, पण चूक नाही.

पेडणे: द्रायू म्हणजे खोकल्याचं औषध वाटतं हो. ताई, जलच राहू दे. खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस आठवा (मनाशी संबंध नाही, बांधातलं दार). ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने फळी उघडते, उंच पाणी सखल पाण्यात घुसतं. तिथे थेंब कोण मोजतो? कुठे किती पातळी, किती वेग, एवढं कळलं की झालं. तुम्हीही गरम अर्धी रांग थंड अर्धीला जोडून बघताच ना?

डिचोली: बघतो, दादा. पण गोम पुढेच आहे. पाण्यात वस्तुमान, संवेग, ऊर्जा एवढंच टिकतं, बाकी सगळं टकरींत विरतं. एका रेषेत तसं होत नाही. सारख्या वजनाच्या दोन गोट्या समोरासमोर आदळल्या तर वेगांची फक्त अदलाबदल होते, वेगांची यादी तीच. (क्वांटममध्ये जागाही किंचित सरकते, तो हिशेब निराळा.) २००६ साली रुबिडियमच्या अणूंवर हे प्रत्यक्ष दिसलं: हजारो टकरी झाल्या तरी समतोलाकडे वाटचाल नाही. म्हणून २०१६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे नवी समीकरणं मांडली. त्यांत टिकणाऱ्या राशी अगणित. त्यांचं नाव 'जनरलाइज्ड हायड्रोडायनॅमिक्स'.

फोंडा: मग 'सामान्यीकृत' नको. 'सामान्य' कानावर पडलं की नेहमीचंच वाटतं. 'व्यापक जलगतिकी' करा. द्रायू मागे घेतो.

पेडणे: आणि 'क्वेंच'? 'शमन' वाचलंय कुठेतरी. शमन म्हणजे शांत करणं, इथे तर एका क्षणात अट बदलून रांग खवळवतात. आमचा लोहार लालबुंद कोयता भस्सकन पाण्यात बुडवतो, त्याला म्हणतो 'पाणी देणं'.

डिचोली: शब्द फक्कड, पण जलगतिकीत वर पाणीही दिलं तर मुलं छत्री घेऊन येतील! तूर्त 'व्यापक जलगतिकी' आणि 'झटका'. फळ्यावर आधी मानस काढते.