प्रतिसाद: सपोर्टवाली मॅडम म्हणजे नुसती समुपदेशक नाही

वर कोणीतरी लिहिलंय की अभ्यासात मागे पडणाऱ्या पोरांना हात द्यायचं काम वर्गशिक्षकच करू शकतो, त्यासाठी सपोर्टवाली मॅडम म्हणजे विशेष शिक्षिका असा वेगळा माणूस कशाला. अर्धं पटतं, कारण पोट्टं मागे पडतंय हे आधी वर्गशिक्षकालाच दिसते, पण पन्नास-पंचावन्न पोरांच्या वर्गात तो करून करून काय करणार?

माझ्या भाच्याचं सांगतो, नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेत चौथीत होता. तोंडी पाढे खणखणीत, वहीत मात्र 'मगर'चं 'गमर'. दोन वर्षं 'आळशी आहे, मोबाईल काढून घ्या' हेच ऐकलं बाप्पा. मग एक विशेष शिक्षिका आली, तिनं रोज वीस मिनिटं बाजूला बसवून अक्षरं बोटानं गिरवून घेतली अन् दर शुक्रवारी किती शब्द बरोबर वाचले ते एका वहीत मांडलं. ती वही बघूनच ताई त्याची अध्ययन अक्षमतेची (डोकं चांगलं असून वाचण्या-लिहिण्यात अडचण येणं) तपासणी करायला तयार झाली.

अजून एक, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता पण आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे मागता येते. दहावीच्या तोंडावर धावपळ करू नका, कागदपत्रं आधीच करून ठेवा.