मावसभावाला ‘कझिन’ म्हटलं, तेव्हापासून चैन नाही

प्रश्न

गेल्या महिन्यात माझा दादा गेला. दादा म्हणजे मावसभाऊ, आईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला सख्खा भाऊ नाही. सायकल शिकताना मागचं कॅरिअर धरून धावला तो दादाच. भूमितीची प्रमेयं पाठ करत बसले होते तेव्हा वही मिटायला लावून, ती कागदावर काढून समजावली तीही त्यानेच.

कामावर कळवायचं होतं. घाईत लिहिलं, “माझा कझिन वारला, दोन दिवस येणार नाही.” परत गेले तेव्हा सगळे नीट वागले, पण एकीने विचारलं, “खूप जवळचा होता का गं?” तिचं काही चुकलं नाही. मी दिलेल्या शब्दात ते कळायची सोयच नव्हती. मला मात्र तो प्रश्न अजून टोचतो, कारण तो शब्द मीच निवडला होता.

मग लक्षात आलं, एरवीही मी सर्रास कझिनच म्हणते. आतेबहीण कझिन, चुलतभाऊ कझिन. मला इंग्रजी शब्दांचा राग नाही, रोजच्या बोलण्यात ढीगभर वापरते. पण नुसतं ‘भाऊ’ म्हणावं तर समोरचा विचारतो, “सख्खा?” आणि “नाही” म्हणताना त्याला स्वतःच्या हाताने एक पायरी खाली उतरवल्यासारखं होतं. तुम्ही काय म्हणता? बोलताना, लिहिताना, मुलांना सांगताना?

प्रतिसाद १

ताई, फार वाईट वाटलं वाचून. मी नुसतं ‘भाऊ’ म्हणतो. कुणी सख्खा का विचारलं तर “मावशीचा मुलगा” असं सांगतो. त्यात ‘नाही’ म्हणावं लागत नाही.

प्रतिसाद २

शब्दांच्या मुळाशी जायची मला सवय आहे, म्हणून हे सांगावंसं वाटलं. ‘कझिन’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये आला लॅटिनच्या ‘कॉन्सोब्रिनुस’ या शब्दावरून. त्याच्या पोटात ‘सोरोर’ म्हणजे बहीण आहे. मूळ अर्थ दोन बहिणींची मुलं, म्हणजे आपली मावसभावंडं! चुलतभावाला लॅटिनमध्ये ‘पात्रुएलिस’ हा वेगळा शब्द होता, आतेभावाला ‘अमितिनुस’ हा आणखी वेगळा. पुढे कॉन्सोब्रिनुस सैल होत गेला आणि त्यात सगळेच मावले.

‘अंकल’चंही तसंच. तो आला ‘अवुन्कुलुस’वरून, म्हणजे मामा. काकाला ‘पात्रुउस’ म्हणत. ‘आंट’ आली ‘अमिता’वरून, ती आत्या. जुन्या इंग्रजीतही काका आणि मामा यांना निरनिराळे शब्द होते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच शब्द आले आणि हळूहळू ते जुने शब्द मागे पडले. आज आपल्याकडे जे चाललंय ते इंग्रजीच्या बाबतीत आधी घडून गेलंय, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद ३

मी आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना समुपदेशन करते. माझ्या कामात ‘कझिन’ हा शब्द ऐकला की पेन थांबतं.

हिमोफिलियाचं उदाहरण घ्या. रक्त गोठवणाऱ्या घटकातला हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स मिळतो फक्त आईकडून. समजा एखादी गरोदर बाई म्हणाली, “माझ्या कझिनला हिमोफिलिया आहे.” तो चुलतभाऊ असेल तर त्याचा एक्स काकूकडून आला, मामेभाऊ असेल तर मामीकडून. दोघींशी या बाईचं रक्ताचं नातं नाही. आतेभाऊ असेल तर दोष आत्याकडून आलेला असू शकतो, पण बाईच्या वडिलांना आजार नसेल तर त्यांच्याकडे तो दोष नाही, मग तिच्यापर्यंत येणार कुठून? राहिला मावसभाऊ. त्याची आई आणि हिची आई एकाच आईच्या पोटच्या, म्हणून इथे तपासणी करावीच लागते. चार शब्दांतला एकच शब्द काळजीचा, आणि कझिन म्हटल्यावर नेमका तोच हरवतो.

डॉक्टरांना सांगताना तरी पूर्ण नातं सांगा, ही हात जोडून विनंती. लहान मुलांना ‘आईकडून की बाबांकडून’ एवढं माहीत असलं तरी पुष्कळ.

प्रतिसाद ४

थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो. आपले शब्द बाजू अचूक सांगतात, पण अंतर सांगत नाहीत. माझ्या आईची मामेबहीण ही माझी मावशीच, आणि तिचा मुलगा माझा मावसभाऊच. इंग्रजीत तो सेकंड कझिन, कारण आमचं पणजोबा-पणजीचं जोडपं एक, आजी-आजोबा वेगळे. ‘मावसभाऊ’ एवढ्यावरून तुम्हाला ते कळणार नाही. म्हणूनच आपण ‘सख्खा मावसभाऊ’ म्हणतो, आणि ताईंनीही वर ‘आईच्या सख्ख्या बहिणीचा’ असं लिहिलंच आहे. म्हणजे ‘सख्खा’ हा शब्द फक्त एका आईच्या मुलांचा नाही. कुणी “सख्खा का?” विचारलं तर “हो, सख्खा मावसभाऊ” म्हणा. ते शब्दशः खरं आहे.

आणि सगळी मंडळी एकत्र जमल्यावर मी ‘आम्ही कझिन्स’ म्हणतो, ते सोडवत नाही. ‘भावंडं’ म्हटलं की लोक सख्खीच समजतात. ‘चुलत-आते-मामे-मावस’ असं कोण म्हणत बसणार? ‘कझिन ब्रदर’ मात्र कुणी म्हटलं की खटकतं. इंग्रजीलाही तो नको आहे.

प्रतिसाद ३

हे बरोबर आहे. म्हणून मी ‘मावसभाऊ’ ऐकल्यावरही “आईच्या सख्ख्या बहिणीचा का?” हे विचारतेच.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. “हो, सख्खा मावसभाऊ” हे मला सुचलंच नव्हतं. ‘हो’ म्हणता येतं ही केवढी मोठी गोष्ट. ज्या सहकारिणीने विचारलं होतं तिला काल तसंच सांगितलं. ती म्हणाली, “अगं, मग आधी का नाही बोललीस?” आणि बराच वेळ शेजारी बसून राहिली.

कझिन हा शब्द मुळात मावसभावाचा, हे वाचून रडू आलं, का ते सांगता येणार नाही. अंकल म्हणजे मामा हेही मुलीला वाचून दाखवलं. दादा तिचा मामा. चुलत-मावस काही न लावता, नुसता मामा. तेव्हा कळलं की तिने शाळेत “माझा मामा गेला” असं सांगितलं होतं. मी विचारलं, कुणी काही विचारलं का. ती म्हणाली, नाही, बाईंनी जवळ घेतलं.