झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक?
कुणीतरी लिहिलंय की कॅन्सरच्या शेवटच्या स्टेजला गांजाचं तेल बिनधास्त द्या, झाडपाल्याचंच तर आहे. अहो, मॉर्फीन पण अफूचंच की! गांजातल्या टीएचसी या नशेच्या घटकाने चक्कर, तोंडाला कोरड, धडधड, कधी भ्रमही होतो, त्यात पेशंट आधीच मॉर्फीनच्या गुंगीत, रात्री बाथरूमला उठला की बीपी पडतं आणि मग खुब्याचं हाड. तेल पोटातून चढायला तास-दोन तास लागतात, तेवढ्यात घरचे ‘काहीच फरक नाही’ म्हणून अजून थेंब टाकतात, खरा घोळ तिथे होतो. गांजातल्याच सीबीडी या दुसऱ्या घटकाने नशा होत नाही हे मान्य, पण वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू असेल तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांपासून लपवून तर अजिबात नको. आणि २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ट्रायलमध्ये सीबीडी तेलाने प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) जास्त आराम पडलाच नव्हता.