पन्हाळ्यावर कॅरॅव्हॅनचा एसी लावला की जनरेटर ओव्हरलोड

मंडळी, आमच्या ट्रेलर कॅरॅव्हॅनला २ केव्हीएचा (म्हणजे जास्तीत जास्त दोन हजार वॅटचा) पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर आहे. दिवे, पंखे निवांत चालतात. १ टनाचा एसी लावला की कॉम्प्रेसर घुर्र करून उठायला बघतो आणि लाल दिवा लागून सप्लाय बंद. इंजिन मात्र सुरूच. कोल्हापुरात कसबा बावड्यात घरच्या प्लगवर हाच एसी बिनतक्रार चालतो. आईला उकाडा सोसत नाही, एसी हवाच. मोठा जनरेटर घ्यावा काय?

उत्तर १
इतक्यात घेऊ नगासा, दादा. चालताना एसी हजार-बाराशे वॅटच घेतो, पण साधा कॉम्प्रेसर उठताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. गिझर, फ्रिज बंद करा. बॅटरी चार्जरही, तो सगळे विसरतात. बॅटरी उतरलेली असली की तो गुपचूप दोन-तीनशे वॅट खातो. जनरेटरचा इको स्विच (लोड कमी असला की इंजिन मंद करणारा) बंद ठेवा, म्हणजे इंजिन आधीच पूर्ण फेऱ्यांवर असेल.

उत्तर २
पन्हाळा ३,००० फुटांवर. दर १,००० फुटांना पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते, तेव्हा तिथं २ केव्हीए पुरते मिळत नाहीत. एअर फिल्टर साफ करा. तरी नाही उठला तर एसीला सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर उठतानाचा करंट कमी करणारं यंत्र) बसवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून आधी क्लॅम्प मीटरवर करंट मोजून घ्या.

उत्तर ३
आणि हो, आई आत झोपणार असतील तर जनरेटर खिडकीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.