आठवून लिहायला सांगितले की वर्ग गप्प होतो: पद्धत चुकते आहे का?

प्रश्न (गणित शिक्षिका, खानापूर तालुका)

मी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ मधील प्रयोग वाचल्यापासून तासाची पहिली दहा मिनिटे मी वह्या-पुस्तके मिटवायला लावते आणि आठवडाभरापूर्वी शिकवलेले मुलांना पाटीवर लिहायला सांगते. त्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

माझ्या वर्गात मात्र निम्म्या पाट्या कोऱ्याच राहतात. फळ्यावरचे उदाहरण बिनचूक उतरवणारी एक मुलगी, वृत्तचितीचे घनफळ विचारल्यावर पाटीवर नुसते ‘पाय’ (π) लिहून थांबली. ते पुसून तिने पुन्हा तेच लिहिले आणि पाटी दप्तराखाली सरकवली. त्यातच पालकसभेत ‘वह्या भरत नाहीत’ अशी तक्रार आली. दहावीची परीक्षा समोर असताना हे चालू ठेवावे, की पूर्वीप्रमाणे स्वाध्याय सोडवून द्यावेत?

उत्तर (गणित शिक्षक, निपाणी)

मॅडम, कृपया थांबवू नका. वर्गात जे सहज जमते ते टिकतेच असे नाही. रोरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये नेमके घनफळाचेच उदाहरण घेतले होते. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे सलग सोडवली, दुसऱ्या गटाने चार आकृत्यांची मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्केच; आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र हेच प्रमाण २० आणि ६३ टक्के झाले. सलग सोडवणाऱ्याला कोणते सूत्र वापरायचे हे ठरवावेच लागत नाही, आणि परीक्षेत तर पहिले काम तेच असते. आपल्या पुस्तकातील स्वाध्याय बहुधा एकाच प्रकारचे असतात, म्हणून मी गेल्या तीन प्रकरणांतील एकेक उदाहरण त्यात घालतो.

कोऱ्या पाटीबद्दल मात्र दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात असे मला वाटते. या लेखनाला गुण देऊ नयेत आणि त्याची नोंदही कुठे करू नये. गुणांची भीती शिरली की मुले शेजारच्या पाटीवरून उतरवू लागतात आणि आठवण्याचा प्रयत्नच होत नाही. शिवाय लिहून झाल्याबरोबर बरोबर उत्तर फळ्यावर यायला हवे, नाहीतर चुकीचेच पक्के होते. त्या मुलीला सूत्र विचारण्याआधी वृत्तचितीचा तळ कोणत्या आकाराचा आहे आणि त्याचे क्षेत्रफळ किती एवढेच विचारून पाहा. तेथून उंचीने गुणण्यापर्यंत ती स्वतः पोहोचेल अशी माझी खात्री आहे.

उत्तर (प्राथमिक शिक्षक, खानापूरचा जंगलपट्टा)

सरांच्या म्हणण्याला एक मर्यादा आहे. ज्याला विषयच नवा आहे त्याच्याकडून आठवायचे तरी काय? जॉन स्वेलर यांच्या १९८५ पासूनच्या संशोधनानुसार नवशिक्याला आधी पायरीपायरीने सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला मिळाली तर तो कमी वेळात जास्त शिकतो. माझ्याकडे एका खोलीत तीन इयत्ता बसतात. पावसाळ्यात रोप लागणीमुळे जी मुले आठ-दहा दिवस शाळेत येत नाहीत, त्यांच्या हातात थेट पाटी दिली तर ती केवळ अपमानित होतात. त्यांना मी आधी दोन सोडवलेली उदाहरणे देतो, तिसऱ्यातील शेवटची पायरी रिकामी ठेवतो, चौथ्यातील शेवटच्या दोन, आणि मगच पाटी देतो.

उत्तर (कन्नड शिक्षिका, बेळगाव)

मराठी मुलांना कन्नड शिकवताना मलाही मिसळण्याचाच उपयोग झाला. कन्नडमधील ‘प’, ‘व’ आणि ‘ष’ दिसायला इतके जवळचे आहेत की प्रत्येक अक्षराचे पानभर लेखन झाल्यावरही वाचताना मुले अडखळत. आता मी तिन्ही अक्षरे पहिल्या आठवड्यापासूनच शेजारी ठेवते. डोक्याशी उघडा तो ‘प’, मिटलेला तो ‘व’ आणि पोटात आडवी रेघ असलेला ‘ष’, हा भेद मुले आपल्याच शब्दांत सांगतात. पहिल्या दिवसांत चुका वाढल्या, हे खरे. पालकांना मी जुलैतील आणि सप्टेंबरमधील श्रुतलेखन शेजारी ठेवून दाखवले. त्यानंतर वह्यांचा विषय निघाला नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारपासून गुण बंद. गैरहजर राहिलेल्या सहा मुलांसाठी सोडवलेली उदाहरणे आजच लिहून काढते. त्या मुलीला आज मधल्या सुट्टीत तळाचा आकार विचारला. तिने वर्तुळ काढले, क्षेत्रफळ लिहिले, थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिली आणि शेवटी उंचीचे अक्षर तिने स्वतःच जोडले.